आभाळ्याला मारायची परवानगी

"मग त्याला मारायला तुमची हरकत नाही ना, सर?"

सौमित्र खातूने हे विचारलं तेव्हा परकारसर ओट्यापाशी उभे राहून पातेल्यात बघत होते. दूध नासलं होतं.

"कुणाला मारतोयस?"

"आभाळ्याला."

आभाळ्या म्हणजे मुलांच्या मासिकातला उडणारा वीर. खांद्यावर निळा पंचा, पायात काही नाही, आणि कुणी हाक मारली की हजर. इस्माईल परकार शाळेत चित्रकला शिकवता शिकवता त्याच्या गोष्टी लिहायचे. पुढे हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून सांगितलं, आता याला तू सांभाळ.

सौमित्रने सांभाळलाही. त्याची भाषा सरांपेक्षा चांगली होती, हे त्याला ठाऊक होतं. इतरांनाही ते ठाऊक असावं याची तो काळजी घ्यायचा.

आभाळ्याचं शेवटचं प्रकरण त्याने खिशात घालून आणलं होतं. संध्याकाळी ते छापायला जायचं होतं. पण ज्याने आभाळ्याला जन्म दिला त्याला विचारल्याशिवाय मारायचं नाही, एवढी रीत त्याने पाळली.

त्याने वाचून दाखवलं. आभाळ्या धरणाच्या भिंतीवर येऊन बसतो. खालून लोक हाका मारतात. तो खांद्यावरचा पंचा पाण्यात सोडून देतो. मग स्वतःही उडी घेतो, आणि या वेळी... उडत नाही.

वाचलं सुरेख. सरांनी एवढंच विचारलं,

"लिहिताना मजा आली?"

"मजेचा प्रश्न नाही, सर. हे खरं आहे."

"बरं. पण मजा आली का?"

"नाही."

मग सौमित्र बराच वेळ बोलला. जगात कुणी कुणासाठी धावून येत नाही, आणि येतं असं मुलांना सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे, असा एकूण सूर. गेल्या महिन्यात तो स्वतः मोटारसायकलवरून पडला होता. गुडघा फुटला. गाड्या हळू झाल्या, आतल्या माणसांनी बघितलं, आणि गाड्या निघून गेल्या. तेव्हापासून त्याला आभाळ्या उडवता येत नव्हता. आभाळ्याने जमीन सोडली की पेन अडायचं.

हे सांगताना तो रागात होता, पण आवाज रडवेला झाला. सरांना त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं. आभाळ्याबद्दलही वाटलं असणार. आपल्या हाताने वाढवलेलं पोर ते.

"चल, आधी चहा पिऊ," सर म्हणाले.

चहाची टपरी हायवेच्या पलीकडे. रस्ता रुंद झाल्यापासून सावर्ड्यातली माणसं अलीकडची आणि पलीकडची झाली आहेत. सौमित्र म्हणाला, पुढे पादचारी पूल आहे, तिकडून जाऊ. सर म्हणाले, पुलाला पायऱ्या आहेत, आणि माझ्या गुडघ्यांना त्या आवडत नाहीत.

मग त्यांनी उजवा हात वर केला, तळवा गाड्यांकडे धरला, आणि रस्त्यावर पाय ठेवला.

हे कुणी करून बघू नये. मी फक्त झालं ते सांगतो.

जांभा दगड भरलेला ट्रक हवेचा मोठा फुसकारा सोडून थांबला. त्याच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे एसटी. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून सरांना काहीतरी म्हणाला. त्यात शिवी होती आणि 'चाचा'ही होतं. सरांनी मान डोलावली, दुभाजकापाशी जरा दम खाल्ला, पुन्हा हात वर केला आणि रमतगमत पलीकडे गेले.

रस्ता परत सुरू झाला. सौमित्र अलीकडेच.

सरांनी टपरीच्या बाकावर बसून दोन बोटं दाखवली. दोन ग्लास आले. एक त्यांनी तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने सौमित्रला 'ये' अशी खूण केली.

सौमित्रने पाय रस्त्यावर ठेवला, मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. हात वर करायचा म्हणजे कुणीतरी थांबेल असं आधी धरून चालायचं, आणि नेमकं तेवढंच त्याला जमत नव्हतं. एवढा मोठा लेखक, पण घाबरून घामाघूम झाला.

पलीकडे सरांनी दुसऱ्या ग्लासावर बशी झाकली.

ती बशी सौमित्रला दिसली. म्हणजे सर वाट बघणार होते. तो येणार असं त्यांनी धरूनच टाकलं होतं.

त्याने हात वर केला. डोळे अर्धे मिटले आणि चालायला लागला.

कोंबड्यांची गाडी त्याच्या अगदी जवळ येऊन थांबली. सगळ्या कोंबड्या एकदम ओरडल्या. गाडीवाला ओरडला नाही. त्याने हातानेच 'जा, जा' केलं.

दुभाजक ओलांडून सौमित्रने पुन्हा हात उचलला, या वेळी डोळे उघडे ठेवून. हात पुरता वर जायच्या आत एक मोटार थांबली. आतल्या बाईंना कसलीच घाई दिसत नव्हती.

तो टपरीवर पोचला तो हसतच. हसू काही थांबत नव्हतं. सरही हसायला लागले. टपरीवाल्याला काय झालं ते कळलं नाही, पण तोही हसला आणि त्याने आणखी दोन चहा ओतले.

"थांबले, सर."

"बघितलं मी."

सौमित्रने बशी काढून चहा पिऊन टाकला. इतका आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मग त्याने खिशातले कागद काढून मांडीवर ठेवले आणि हळूहळू गंभीर झाला. सहज हार मानणाऱ्यांतला तो नव्हता.

"आज थांबले... पण एखाद्या दिवशी कुणीच थांबत नाही, सर. मी बघितलाय तो दिवस."

सरांनी मान हलवली. त्यांनीही बघितला असणार. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"त्या दिवसासाठी तर आभाळ्या लागतो."