गावठी अंड्यातली मेरीमाता

रंग दगड फोडून करावे लागत, त्या काळची ही गोष्ट. इटलीत डोंगरावरच्या एका शहरात नेरी नावाचा चित्रकार राहत होता. त्याची मुलगी तेस्सा. आई नव्हती. घरात पाव नसे, पण रंगांच्या चिमुकल्या वाट्या असत. निळ्या, शेंदरी, सोनेरी.

नेरी चर्चसाठी मेरीमातेचं चित्र करत होता. निळा झगा झाला. लखलखती प्रभावळ झाली. चेहरा राहिला आणि नेरी तापाने पडला. रविवारी चित्र लागलं नाही, तर काम जाणार होतं. चर्चने दिलेली खोलीही जाणार होती.

फादर उबेर्तो पाहायला आले. "मेरीमाता हिरवी? शेवाळ धरलं का हिला?"

"फादर, खाली हिरवाच हात देतात," तेस्सा म्हणाली. "वर गुलाबी चढला की चेहरा जिवंत दिसतो."

"मग चढवा लवकर!"

गुलाबी रंग अंड्याच्या बलकात कालवायचा. तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचा फिकट बलक. म्हाताऱ्याला गावठी कोंबडीचा लालसर. तेस्साने दिवसभर बाजार पालथा घातला आणि शहरी कोंबडीचं एक अंडं मिळवलं.

वाटेत चर्चच्या बागेत, पांढऱ्याशुभ्र लिलींपाशी एक म्हातारी बसली होती.

"पोरी, दोन दिवस पोटात काही नाही गं."

तेस्सा अंड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घ्या आजी. कच्चं आहे, जपून."

म्हातारीने अंडं गिळलं. फाटक्या शालीचे रुपेरी पंख झाले. समोर तळहाताएवढी परी चमचमत होती.

"एक इच्छा माग. स्वतःसाठी नको. आणि तुझ्या हाताने होणारं काम मागायचं नाही."

"मेरीमातेचा चेहरा..."

"तुला हात नाहीत?"

"मी चेहरा कधी रंगवला नाही."

"मग आता रंगव."

तेस्साने डोळे पुसले. "बाबांचा ताप उतरू दे."

"उतरला!"

ती घरी पोचली तेव्हा नेरी उठून बसला होता, पण त्याचे हात थरथरत होते. शेजारणीकडे एकच अंडं निघालं. गावठी.

"बाबा, मेरीमाता रापलेली दिसेल."

"दिसू दे. मूल कडेवर घेऊन उन्हातून चालली ती. घे कुंचला."

रविवारी पडदा सरला. मेरीमातेचा चेहरा पिकल्या गव्हासारखा झळकत होता. सगळे पुढे सरकून पाहू लागले. मग एक धोबीण ओरडली, "अगंबाई, ही तर आपल्यातली!" आणि सगळ्या चर्चने गुडघे टेकले.

"कोणी रंगवलं?" फादरनी विचारलं.

"मी." तेस्साने मान खाली घातली नाही.

"वेदीमागची मोठी भिंत आता तू रंगवायची. खोलीही कायमची तुमची."

खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन आत आलं. त्या लालनिळ्या उजेडात परीने इवल्या टाळ्या वाजवल्या आणि ती उजेडातच विरघळली. तेस्साने पाहिलं नाही. ती भिंतीची उंची नजरेने मोजत होती.