ईयोबाची गोष्ट, पाच बोटांवर

“‘आणि पहिली दहा?’ असं तिनं विचारल्यावर तू काय म्हणालास?”

“गंमतीनं म्हणालो, पाळकसाहेब.”

“काय म्हणालास?”

सुमंतनं मान खाली घातली. म्हातारे अमोलिक पाळक ओसरीवर शेंगा सोलत होते. त्यांना घाई नव्हती.

रविवारी उपासनेनंतरचा वर्ग सुमंतचा. पवित्र शास्त्रातली एक गोष्ट पाच बोटांवर, पाच वाक्यांत सांगायची, ही युक्ती त्याची. आसपासच्या गावांतल्या मंडळ्याही त्याला बोलवायला लागल्या होत्या, आणि ते तो अधूनमधून ऐकवायचाही.

काल ईयोब होता. अंगठ्यावर त्याची श्रीमंती. दुसऱ्या बोटावर गुरंढोरं, गडी आणि दहा मुलं गेली. मधल्यावर अंगभर फोड आणि मित्रांचे वाद. चौथ्यावर देव वावटळीतून बोलला. करंगळीवर सगळं परत मिळालं, मुलंसुद्धा नवी, दहाच्या दहा.

तेव्हा मागून करुणाबाई साळव्यांनी तो प्रश्न विचारला होता.

“मी म्हणालो…” सुमंत पुटपुटला. “‘बाई, ती तर दुसऱ्या बोटावरच संपली.’”

“लोक हसले?”

“हसले.”

“तू?”

“…मीही.”

पाळकांनी सूप बाजूला सरकवलं. “तिचा पोरगा विहिरीत गेला, त्याला किती दिवस झाले?”

“दीड महिना. शवपेटी खाली सोडताना दोरीचं एक टोक माझ्याच हातात होतं. पण त्या वेळी… लक्षातच आलं नाही.”

“मग कधी आलं?”

“त्या उठून गेल्या. चपला दाराशी तशाच राहिल्या. तेव्हा.”

पाळकांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“माफी मागायचीय. कोणत्या तोंडानं जाऊ? चार शब्द तुम्हीच सुचवा.”

“चारच? तुला तर पाच वाक्यं लागतात.”

सुमंतचे कान तापले.

“ईयोबाचे मित्र आले, तेव्हा आधी काय बोलले?”

“काहीच नाही. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले.”

“हे कोणत्या बोटावर सांगितलंस?”

“ते गाळलं. त्यात काही घडत नाही…”

बोलून गेल्यावर त्यालाच ते ऐकवेना.

पाळक काठी टेकत उठले. सुमंत त्यांच्यामागं निघाला.

करुणाबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी दोघांना पाहिलं. या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

ऐंशीच्या घरातले पाळक गुडघा धरत, हळूहळू, थेट मातीत बसले. सुमंतही बसला.

खडे बाजूला पडत राहिले. ऊन भिंतीवर चढलं. एकदा करुणाबाईंचा हात थांबला… पुन्हा चालू लागला.

सुमंतला राहवेना. तो पाळकांच्या कानाशी वाकला.

“आता बोलू का?”

“आज पहिलाच दिवस आहे,” पाळक म्हणाले.