ओली रेघ

एका नदीकाठच्या गावात खडे घोटणारा एक कारागीर राहत होता. नदी डोंगरातून तांबडे, पिवळे, शेवाळी दगड वाहून आणायची. गावाच्या लेखी ते गोफणीत घालायचे धोंडे. कारागीर त्यातला एखादा उचलायचा, लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि ओल्या चाकावर घासून वरून गोल, खालून सपाट करायचा. मग कातड्यावर घोटून चकचकीत झालेल्या खड्याभोवती तांब्याची तार गुंफली, की गळ्यात घालायचं सुंदर पदक तयार व्हायचं.

हात गुणी होता, पण घर रिकामं होतं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभर चाकाची घरघर आणि संध्याकाळी तीही बंद. माणूस एकटा पडला की त्याला स्वतःचं शिंकणंसुद्धा मोठं ऐकू येतं, तसं त्याचं झालं होतं.

म्हणून एके दिवशी त्याने आपल्या दोन मित्रांना, गावच्या कुंभाराला आणि गावच्या शिंप्याला, बोलावलं. "दुपारचे येत जा रे अंगणात. ही कला शिकवतो तुम्हाला."

"आम्हाला जमेल?" शिंप्याने विचारलं.

"न जमायला काय झालं? बोलूनचालून दगड. तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा बरे, माप चुकलं तरी तक्रार करत नाहीत."

दोघे येऊ लागले. कुंभाराला चाकाची सवय जन्माची, त्याचा खडा पहिल्या महिन्यातच अंड्यासारखा गुळगुळीत उतरायला लागला. शिंप्याची बोटं तर तारेसाठीच जन्मली असावीत. तो तार अशी वळवायचा, की कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू नये. अंगणात हसणं-खिदळणं सुरू झालं. शिंपीण कधी घावन पाठवायची, कधी आंबोळ्या. कारागिराला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल, पण आज दुपारी नको.

आणि इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. हे सगळं शिकले, की येतील कशाला? कुंभार आपल्या घरी चाक मांडेल, शिंपी आपल्या ओसरीवर तार वळेल, आणि आपण पुन्हा आपली शिंक ऐकत बसू.

त्याने सगळं शिकवलं, पण एक गोष्ट हातची राखली.

ती गोष्ट अशी. नदीतला दगड ओला असताना देखणाच दिसतो. पण कितीतरी दगडांच्या पोटात चीर असते, आणि असला दगड चाकावर धरला की फुटतो. ती ओळखायची युक्ती पोरानेही करावी इतकी सोपी होती. दगड भिजवायचा, मग सावलीत ठेवून वाळू द्यायचा. सगळा दगड वाळतो, पण चिरेत पाणी मुरलेलं असतं, म्हणून तिथे केसासारखी ओली रेघ मागे राहते. रेघ दिसली की दगड फेकून द्यायचा.

कारागीर हे रोज पहाटे, कोणी यायच्या आत उरकायचा. दुपारी मित्र आले, की निवडलेला चांगला खडा उचलून कानाशी धरायचा, नखाने टिचकी मारायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. "हं. हा बोलतोय. घ्या."

"काय बोलतो रे?" कुंभार विचारायचा.

"ते सांगून कळत नाही. कान तयार व्हावा लागतो. तोवर खडा मीच निवडून देईन."

खोटं बोलावं, पण रेटून बोलावं, हे त्याला चांगलं जमलं. बिचारे दोघे मित्र घरीदारी दगड कानाला लावून बसू लागले. कुंभाराची बायको म्हणायची, "माझं एक कधी ऐकलं नाहीत, आता धोंड्याचं ऐका." दोन वर्षं हा खेळ चालला. दोन वर्षं दोघांनी एकही दुपार चुकवली नाही.

पुढे शिंप्याच्या लेकीचं लग्न ठरलं. लेकीच्या गळ्यात आपल्या हातचं पदक घालायचं, असं शिंप्याच्या मनाने घेतलं. नेमका त्याच आठवड्यात कारागीर परगावी, आत्याच्या तेराव्याला गेला होता. लग्न चार दिवसांवर आलं. शिंपी नदीवर गेला आणि डाळिंबासारखा लालबुंद दगड घेऊन आला. त्याने तो कानाशी धरला, नखाने टिचकी मारली, डोळे मिटले.

"बोलला!" तो ओरडला. "अरे, मला ऐकू आलं!"

कुंभारानेही दगड कानाला लावला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण मित्राचा आनंद कोण मोडणार? "हो की," तो म्हणाला आणि कारागिराच्या अंगणात जाऊन पायाने चाक फिरवायला बसला.

शिंप्याने धरलेला दगड चाकाला टेकला, थोडा घासला गेला आणि फाटकन फुटला. एक कपची सरळ शिंप्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

कारागीर परतला तेव्हा लग्न उरकलं होतं. शिंपी डोळ्याला पट्टी बांधून ओसरीवर बसला होता. तो डोळा कायमचा गेला होता. सुईत दोरा ओवायचा तर आता शिंपीण लागणार होती, आणि गिऱ्हाईक म्हणणार होतं, कापड दुसरीकडे देऊ.

"माझंच चुकलं रे," शिंपी म्हणाला. "कान तयार झाला नव्हता, आणि मी शहाणपणा केला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तू दोन वर्षं सांगत होतास."

कारागिराच्या ओठांवर खरं आलं. आत्ता बोललो तर निदान हा स्वतःला दोष देणार नाही, हे त्याला पुरतं कळत होतं. पण मग ते अंगण, त्या दुपारी, ते घावन? 

"कान तयार व्हायला वर्षं लागतात," तो म्हणाला.

शिंप्याने मान डोलावली, आणि पट्टी बांधलेल्या डोळ्याने पुन्हा अंगणात येऊ लागला. नीचपणा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? पण कारागिराला तेव्हा तो नीचपणा वाटला नाही, सुटका वाटली.

शिंप्याच्या घरी नदीवरून आणलेले आणखी दहा-बारा दगड पडून होते. महिन्याभराने शिंपिणीने ते धुतले आणि कारागिराला देऊन टाकावेत म्हणून सुपात घालून ओसरीच्या सावलीत ठेवले. थोड्या वेळाने पाहते, तर सगळे वाळले होते, पण दोन दगडांवर बारीक ओली रेघ तशीच होती. तिने त्यातल्या एकावर वरवंटा हाणला. दगड बरोबर रेघेवर दुभंगला. दुसराही तसाच. बाकीच्यांवर घाव घातला, तर ते नुसते टणटणले.

बाई हरखून गेली. आपल्या माणसाचा डोळा गेला तो गेला, पण आता दुसऱ्या कोणाचा जाणार नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सूप घेऊन कारागिराच्या घरी धावली. फाटकातूनच म्हणाली, "भावोजी, अहो, मला खड्यांचं काहीतरी सापडलंय!"

कारागीर ओसरीवर उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे पाटावर भिजवलेले दगड ओळीने वाळत ठेवलेले होते, आणि रेघ दिसलेले तीन त्याने आधीच बाजूला काढले होते.

शिंपिणीने पाटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं सूप खाली आलं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" तिने विचारलं.

कारागिराने बाजूला काढलेले तीन दगड हाताने झाकले.

"एवढंच होतं? भिजवायचं आणि वाळवायचं?" तिचा आवाज फुटला. "अहो, एवढंसं सांगायला तुमची जीभ झिजली असती का?"

त्या दुपारी दोघे मित्र आले, पण बसले नाहीत. कुंभार तोंडाला येईल ते बोलला. चाक आपल्या पायाने फिरत होतं, हे त्याला जन्मभर पुरणार होतं. 

"तुम्ही येत राहावं म्हणून रे," कारागीर रडत म्हणाला. "माझं दुसरं कोण आहे?"

"आम्ही खड्यांसाठी येत होतो, असं वाटलं तुला?" शिंपी म्हणाला. "मला बारा गावची शिवण होती, दगड घासायची हौस नव्हती. तू एकटा आहेस म्हणून येत होतो." तो जायला वळला आणि थांबला. "डोळ्याचं सोड. मी माझ्या कानाला दोष देत बसलो होतो, आणि तू समोर बसून ऐकून घेतलंस. ते मला विसरता येत नाही."

ते दोघे पुन्हा त्या अंगणात आले नाहीत.

पुढे दोघांनी गावच्या पारावर चाक मांडलं आणि येईल त्याला शिकवायला लागले. कुंभार खडे घासायचा, शिंपी एका डोळ्याने आणि दहा बोटांनी तार वळायचा. पहिल्या दिवशीचा पहिला धडा शिंपीण द्यायची.

बरीच वर्षं गेली. एकदा परगावचा एक माणूस पाराची वाट चुकून कारागिराच्या दारी आला आणि म्हणाला, "खडे घोटायचं शिकायचं होतं." म्हाताऱ्याने लगबगीने पाट मांडला. दगड कसा भिजवायचा, रेघ कशी पाहायची, लाख किती तापवायची, तार कुठे दाबायची, जे होतं नव्हतं ते सगळं त्याने एका दिवसात सांगून टाकलं. कोणी न विचारता सांगितलं, दोनदोनदा सांगितलं.

माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं. कारागिराची जुनी गोष्ट त्याच्या गावापर्यंत पोचली होती; निघताना तो नम्रपणे म्हणाला, "आणि राखून काय ठेवलंत, बाबा?"

"काही नाही रे! शपथ घेतो. सगळं दिलं तुला."

माणूस हसला, त्याने नमस्कार केला. "बरं. तरी पारावर एकदा विचारून घेतो," म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

तात्पर्य: माणूस धरून ठेवायला जो विद्या दडवतो, त्याच्याकडून माणूस जातो, आणि मग त्याने सगळी विद्या ओतली, तरी ती खरी मानायला कोणी उरत नाही.