गोड्या पाण्याची किटली

टीचरचा हात काल दुखत नव्हता. हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी धरून चालले आहे.

"आणि पाणी?" टीचरनी विचारलं.

"तेही आपोआप," हेमंतकाका म्हणाले.

फिलोमिना पिंटो टीचर पूर्वी मालवणात जीवशास्त्र शिकवायच्या. आता घरीच असतात. त्यांच्या हॉलमध्ये पलंगाएवढी लांब काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, मऊ प्रवाळ आणि मोजके मासे. मी रोज त्यांच्याकडे अभ्यासाला येते, कारण आमच्या घरात फार आवाज असतो.

हेमंतकाका त्यांचे जुने विद्यार्थी. आपोआप चालणारी यंत्रं बनवतात, पुण्याला. त्यांनी टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. तो गुंडाळू नये म्हणून एका कोपऱ्यावर माझी कंपासपेटी होती आणि दुसऱ्यावर टीचरचा चष्मा.

त्यांना घरात अशीच टाकी करायची होती. मोठी, पण कमीत कमी राबवणारी.

"सात फुटी करतोय, टीचर. पाणी जास्त असलं की लवकर बिघडत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"मासे किती?"

"पाचच."

"प्रवाळ?"

"मऊ जातीचे, टाकीतच वाढवलेले. समुद्रातला खडासुद्धा उचलणार नाही."

"घाई?"

"अजिबात नाही. आधी नुसतं पाणी आणि दगड. शेवाळ येऊन जाईपर्यंत मासा सोडणार नाही. खाणं यंत्र टाकेल. दिवे घड्याळावर."

टीचरनी मान हलवली. माझं उत्तर पूर्ण बरोबर आलं की हलवतात, तशी.

राहिलं होतं पाणी. टाकीतलं पाणी रोज थोडं हवेत उडतं, पण मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं भरायला खारं पाणी चालत नाही, गोडं लागतं. टीचरच्या काचेवर निळ्या नेलपॉलिशची एक रेघ आहे. पाणी तिच्याखाली गेलं की आम्ही चिनी मातीच्या किटलीने भरतो. तांब्या-पितळेचं भांडं टीचर टाकीजवळ फिरकू देत नाहीत. प्रवाळांना ते विष.

हेमंतकाकांच्या नकाशात किटलीच्या जागी छोटा पंप होता. लाल पेनाने काढलेला.

"हा पंप सगळ्यात महत्त्वाचा," ते म्हणाले. "पाणी उतरलं की याला स्वतःला कळतं. कुणाला बोटसुद्धा उचलायला नको."

"कुणाला म्हणजे?"

"बाबांना. त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"आहेत कुठे सारंग?"

"बाहेर. गाडीत."

मी खिडकीतून पाहिलं. सुरंगीच्या झाडाखाली गाडी उभी होती. आत एक म्हातारे गृहस्थ मांडीवर हात ठेवून बसले होते. समोर टीचरचं फाटक होतं, पण ते फाटकाकडे बघत नव्हते. कशाकडेच बघत नव्हते.

केळुसकर सारंगांना बंदरावर सगळे ओळखतात. सारंग म्हणजे बोटीचे कप्तान; आयुष्यभर त्यांनी प्रवासी लाँच चालवली. बायको गेल्यावर हेमंतकाकांनी त्यांना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर.

"डॉक्टर म्हणतात, शरीर ठीक आहे," हेमंतकाकांचा आवाज खाली आला. "पण जेवत नाहीत, टीचर. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. बोलत नाहीत. खिडकीशी बसतात, पण बाहेर बघत नाहीत. म्हटलं, चार दिवस गावी नेऊन आणू. इथे आलो, तर गाडीतून उतरायला तयार नाहीत..."

त्यांनी नकाशावरची एक घडी उगाच सरळ केली.

"या टाकीने फरक पडला नाही, तर मला पुढे काही सुचत नाही."

टीचरनी नकाशातल्या टाकीवर बोट टेकवलं.

"टाकी झाली. पुढे?" त्या म्हणाल्या. "त्यांनी काय करायचं?"

"काहीच नाही! आरामात बसायचं. बघायचं."

"म्हणजे टीव्ही."

हेमंतकाका हसले. टीचर हसल्या नाहीत.

"टीव्हीला निदान रिमोट असतो, हेमंत."

हेमंतकाकांचे कान लाल झाले. एवढ्या मोठ्या माणसाचे कान लाल होतात, हे मला माहीत नव्हतं.

"टीचर, रोज रात्री जागून केलंय हे. एक चूक दाखवा. एक."

टीचरनी कंपासपेटीखाली दबलेला कोपराही सोडवून पाहिला. चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला, पुन्हा पाहिलं.

"चूक एकही नाही."

"मग?"

टीचर उठल्या. मी भरून ठेवलेली किटली त्यांनी उचलली, टाकीपर्यंत नेली, आणि एकदम खाली ठेवून मनगट धरलं.

"आई गं... दुर्वा, माझा हात दुखतोय."

मी बघतच राहिले. सकाळी त्याच हाताने त्यांनी दोन नारळ खवले होते.

"द्या, मी घालतो," हेमंतकाका पुढे आले.

"तू तुझा नकाशा सांभाळ. दुर्वा, बाहेर पाहुणे आहेत ना, त्यांना विचार, जमेल का म्हणून."

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. पायऱ्या उतरताना मी वाक्य तीनदा मनात म्हटलं. तरी काचेवर टकटक केल्यावर सगळं विसरले.

काच खाली आली.

"टीचरचा हात दुखतोय," मी म्हणाले. "किटली जड आहे. पाणी घालायचंय."

ते माझ्याकडे बघत होते की माझ्यामागे, कळत नव्हतं. मला वाटलं, काच परत वर जाणार.

"घरात दुसरा कोण नाय?"

"आहेत... पण टीचर त्यांना हात लावू देत नाहीत."

"कोणाक?"

"तुमच्या मुलाला."

सारंगांचा चेहरा हलला. अगदी थोडा, ओठाच्या एका कोपऱ्यापुरता.

"बरा करता," ते म्हणाले. "तेका साधो नळ बंद करूक येना नाय."

आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं.

पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. हेमंतकाका हात द्यायला धावले, पण टीचरनी नुसतं पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

सारंगांनी किटली दोन्ही हातांनी उचलली.

"खारा की गोडा?"

"गोडा," टीचर म्हणाल्या. "निळ्या रेघेपर्यंत. सावकाश."

पाण्याची बारीक धार पडू लागली. काठावर थोडं सांडलं, जमिनीवर ओघळलं, हेमंतकाकांच्या नकाशाचं टोक टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबत होतं, तिथवर आलं. त्यांनी नकाशा उचलला नाही. ते वडिलांच्या हातांकडे बघत होते.

धारेचा आवाज ऐकून केशरी पट्ट्यांचा मासा दगडामागून बाहेर आला. तो रोज येतो. त्याला वाटतं, खाणं आलं.

सारंग वाकले. मग आणखी वाकले, इतके की नाक काचेला लागलं.

"ह्यो कोण?"

"ह्यो घरमालक," टीचर म्हणाल्या. "भाडा देना नाय."

सारंगांच्या घशातून आवाज आला. मला आधी वाटलं, खोकला. हेमंतकाकांनी पटकन तोंड खिडकीकडे वळवलं, तेव्हा कळलं की सारंग हसले होते.

पाणी रेघेला लागलं. त्यांनी किटली लगेच उभी केली. एक थेंब जास्त नाही. मग कुणी न सांगता खांद्यावरच्या पंच्याने काठ पुसला.

हेमंतकाका टेबलाशी गेले. लाल पेन उघडलं आणि त्या छोट्या पंपावर धरलं. पण टेकवलं नाही.

"टीचर, हा... काढून टाकू?"

टीचर मनगट चोळत होत्या. चुकीचं मनगट चोळत होत्या, पण ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

"उद्या किती घालूचा?" सारंगांनी विचारलं.

टीचरनी टाकीकडे बोट दाखवलं.

"पाण्याक इचारा."

सारंग पाण्याकडे बघत राहिले, लाँच सोडण्याआधी हवा बघावी तसे. जाताना ते गाडीत मागे नाही, पुढे बसले. गाडी निघाल्यावर मला टेबलावर पेन सापडलं. टोपण उघडंच होतं.

हे सगळं कालचं. आज मी टीचरच्या पडवीत बसून लिहिते आहे. रात्रभर मी विचार केला, आणि मला जे कळलं ते असं, की माणसाला नुसतं समोर आणून दिलेलं—

"दुर्वा! लिहीत काय बसलीस? फाटकाशी गाडी आली बघ. किटली भर... आणि लक्षात आहे ना? माझा हात दुखतोय."