भरलेली वाटी

महाराजांच्या हातची वाटी परत करायची नाही. का, ते विचारायचं नाही.

हा नियम मला दामूअण्णांनी मी अगदी लहान असताना सांगितला. अण्णा माझे चुलते, आमच्या डोंगरावरच्या मठाचे कारभारी. सकाळच्या नैवेद्यानंतर महाराज प्रत्येकाला वाटीभर दूध देतात. ते प्यायचं आणि रिकामी वाटी त्यांच्यापुढे पालथी घालायची. पालथी वाटी म्हणजे त्यांचा शब्द मान्य.

त्या सकाळी कोनाड्यात महाराजांच्या क्षयाच्या गोळ्यांची पाकिटं दिसली. न फोडलेली.

"महाराज, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

महाराज खोकत राहिले. बराच वेळ. मग उपरण्याने तोंड पुसलं.

"दिवाळीपासून..."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"तूच," अण्णा म्हणाले. "मागच्या खेपेला इथंच बसून तुझ्या प्रयोगशाळेतलं सांगताना म्हणालीस ना, दुधातलं कसलं तरी प्रथिन क्षयात फुफ्फुस वाचवतं म्हणून? मग आपल्या गोठ्यातल्या दुधानं काय घोडं मारलंय? त्या गोळ्यांनी त्यांना अन्न जात नव्हतं. लघवी लाल व्हायची."

"अण्णा, ते उंदरांमध्ये दिसलंय. तेही प्रथिन दुधातून वेगळं काढून दिल्यावर. तुम्ही पातेलंभर दूध उकळून देता."

"उंदराला लागू पडतं, ते महाराजांना पडायचं नाही?" मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बायजामावशी पदर सावरत म्हणाल्या. "उंदरापेक्षा खालचे का गं ते?"

दुधासाठी बसलेल्या भक्तांपैकी कुणीतरी हसलं.

महाराजांनी हात वर केला.

"ते प्रथिन करतं काय? मला कळेल असं सांग."

"जंतू फुफ्फुसात शिरतो. शरीर त्याच्यावर चवताळून उठतं. त्या चवताळण्यातच फुफ्फुस जळतं, महाराज. बरंचसं आपण आपलंच जाळतो. ते प्रथिन हा दाह आवरत असावं..."

"म्हणजे राग शांत करतं."

"तसं म्हणा."

"घ्या!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "मी हिला जन्मभर दुसरं काय सांगतोय? शांत हो. राग आपल्यालाच जाळतो."

"आणि जंतू?" महाराजांनी विचारलं.

"जंतू तिथंच राहतो."

महाराजांनी डोळे मिटले.

"मी थकलोय, पोरी. रोज तीच मळमळ, तोच वाद. दूध पुरे आहे, एवढं तू या सगळ्यांना सांग. तू शिकलेली. तुझ्यावर विश्वास ठेवतील. मग कुणी मला त्रास द्यायचं नाही."

त्यांनी वाटी भरली. माझ्यापुढे धरली.

मी ती दोन्ही हातांनी घेतली. वर जाड साय होती. लहानपणी ते सगळ्यांच्या नकळत साय माझ्याच वाटीत सोडायचे. आजही सोडली होती.

मीही थकले होते. रात्रभर एसटीत बसून आले होते. एक वाटी पालथी घातली, की घरी जाऊन झोपता आलं असतं.

"पी," अण्णा म्हणाले. "आणि शांत हो."

मी वाटी महाराजांपुढे ठेवली. भरलेली. उताणी.

बायजामावशींच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"मी शांत झाले, तर हे मरतील," मी म्हणाले. "दूध पुरे आहे, असं मी सांगणार नाही. आज नाही, कधीच नाही. मला स्टँडवरून घेऊन आलेली जीप खाली उभीच आहे. महाराज, दवाखान्यात चला. उपचार मध्येच तुटलेत, आता पुढे काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील."

अण्णांनी महाराजांकडे पाहिलं.

मावशी वाटीकडे बघत राहिल्या. सायीवर एक माशी बसली, तीही कुणी हाकलली नाही.

महाराज भिंतीला धरून उठले. पायांत खडावा सरकवल्या... आणि पुन्हा काढल्या.

"या नकोत," ते म्हणाले. "चालायच्या वहाणा आणा."