रोलवरचा पहिला फोटो

एकदा एका आईची झोप एका जुन्या कॅमेऱ्याने उडवली.

कॅमेरा तिचा नव्हता. रविवारपर्यंत सांभाळायला म्हणून घरी आला होता. शेजारी लेक गाढ झोपली होती आणि आई छताकडे बघत एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. या कॅमेऱ्यात रोल आहे तरी का?

प्रश्न वेडगळ आहे हे तिला कळत होतं. ती शिकलेली होती. वेडगळ प्रश्न ओळखता येण्याइतकी, पण तो सोडून देता येण्याइतकी नव्हे.

संशयालाही कारण होतं. तिच्या लेकीचा, चारूचा, उजवा हात जन्मापासून थरथरे. शाळेत रांगोळीच्या दिवशी बाईंनी चारूला रंगांच्या पिशव्या धरायला दिल्या होत्या. नाटकात ती झाड झाली होती, तेही मागच्या रांगेतलं. चारूला तोंडावर 'नाही' असं कुणीच म्हणत नसे. लोक खोटं खोटं हो म्हणत. असल्या गोड फसवणुकीचा वास आईला आताशा दुरूनच येई.

त्या गावात जुने कॅमेरे पुन्हा चालते करणारा एक वृद्ध होता. लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले कॅमेरे तो मागून आणी, भिंगावरची बुरशी पुसे, आत घट्ट झालेलं जुनं तेल काढी, आणि झाकणाच्या फटीतून उजेड शिरू नये म्हणून खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवी. दुरुस्त झालेला कॅमेरा कुणा एकाचा राहत नसे. रविवारी जो अंगणात येईल, त्याचा तो. बांगड्या विकणाऱ्या हसीनाबी येत, रिक्षावाला सोपान येई, ज्यांच्या हातात कधी कुणी कॅमेरा दिला नव्हता असे अनेक येत. कॅमेऱ्यात एक रोल भरायचा, प्रत्येकाने दोन फोटो काढायचे आणि पुढच्याकडे सोपवायचा. असा तो कित्येक आठवडे घरोघर फिरे. ज्याच्यापासून सुरुवात होई, त्याच्याचकडे रोल संपल्यावर परत येई.

चारू पहिल्यांदा अंगणात आली त्या दिवशी वृद्धाने नवा रोल भरला, दोनदा कळ दाबून पुढे ओढला आणि कॅमेरा सरळ तिच्या हातात ठेवला.

"पहिला फोटो हिचा."

फाटकाशी उभ्या असलेल्या आईच्या मनात लगेच पाल चुकचुकली. तिच्या माहेरी असा कॅमेरा होता. रोलच्या सुरुवातीचे फोटो पांढरेफटक येतात, असं वडील सांगत. म्हणजे वाया जाणारा तुकडा तेवढा माझ्या पोरीला!

त्यात वृद्ध चारूला म्हणत होता, "हात थरथरतोय? थरथरू दे. श्वास सोड, आणि संपला की दाब."

थरथरू दे, असं आजवर एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

आठवडे गेले. फोटो एकही दिसला नाही.

"आजोबा, फोटो कधी बघायला मिळतील?" आईने एकदा विचारलंच.

"रोल संपला की."

"आणि तो कधी संपणार?"

"सगळ्यांचे काढून झाले की."

उत्तर इतकं सरळ होतं, की तिला त्यातच काहीतरी वाकडं दिसलं.

शेवटी रोल संपला आणि कॅमेरा चारूकडे परत आला, तेव्हा आईच्या डोक्यात तो प्रश्न शिरला. दुसऱ्या दिवशी चारू शाळेत गेल्यावर तिने ओट्यापाशी उभं राहून मागचं झाकण उघडलं.

रोल होता. करड्या रंगाची पट्टी घट्ट गुंडाळलेली, आणि तिच्यावर खिडकीतलं ऊन पडलेलं.

तिने खटकन झाकण लावलं. मग तिला वडिलांचं दुसरं वाक्य आठवलं, जे खरं तर आधी आठवायला हवं होतं. रोल डबीत परत गुंडाळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. उजेड लागला की काढलेलं सगळं जातं.

रविवारी वृद्धाने रोल धुतला आणि ओली पट्टी अंगणातल्या दोरीवर टांगली. उजेड लागून पट्टी जवळजवळ सगळी काळीठिक्कर निघाली होती.

"आजोबा, लोकर सैल बसली वाटतं," सोपान म्हणाला. "आता तुमचीच दुरुस्ती काढायला हवी!"

सगळे हसले. एकट्या हसीनाबी हसल्या नाहीत. "माझ्या नातवाचा पहिला दात पडला होता," त्या म्हणाल्या. "ते बोळकं टिपलं होतं मी. आता तिथं नवा दातसुद्धा आला."

वृद्धाने पट्टी निरखली. मग शांतपणे म्हणाला, "लोकर मीच बसवली. चुकलं असेल माझं."

आईला ते सहन होईना. "लोकर नाही," ती म्हणाली. "झाकण मी उघडलं."

"का हो?" सोपानने विचारलं.

"आत रोल आहे का बघायला." बोलता बोलता तिलाच ते किती पोरकट आहे हे ऐकू आलं. "वाटलं, माझ्या मुलीला रिकाम्या कॅमेऱ्यावर खेळवताय. नाहीतर वाया जाणारे फोटो तेवढे तिच्या वाट्याला दिलेत."

वृद्धाने तोच कॅमेरा उचलला, नवा रोल भरला, दोनदा कळ दाबली आणि कॅमेरा आईच्या हातात ठेवला.

"पहिला फोटो यांचा."

"आजोबा! त्यांनाच?" सोपान ओरडला. "मग निदान कुलूप तरी लावून द्या!"

तेव्हा वृद्ध म्हणाला, "बाई, वाया जातो तो तुकडा मी आधीच ओढून टाकतो. त्यानंतर काढलेला पहिला फोटो सगळ्यात आत गुंडाळला जातो. दुसरा त्याच्यावर, तिसरा दुसऱ्यावर. झाकण कुणी ना कुणी उघडतंच. कधी एखादं पोर, कधी नाक्यावरचा पोलीस, कधी आई. ऊन आधी बाहेरच्या वेढ्यांना लागतं. ते काळे पडतात, आतला वाचतो. म्हणून जगाच्या पंगतीत ज्याला शेवटी वाढतात, त्याचा फोटो मी आधी घेतो. हसीनाबींच्या नातवाचं बोळकं गेलं खरं, पण ते चारूच्या फोटोवर पांघरूण होऊन गेलं."

त्याने पट्टीचं दुसरं टोक उजेडाकडे धरलं. तिथे एक फोटो शाबूत होता. जरासा हललेला. फाटकाशी हाताची घडी घालून, डोळे बारीक करून उभी असलेली एक बाई.

"सोपान," वृद्धाने विचारलं, "आज या अंगणात शेवटी कुणाला वाढलं असतं आपण?"

सोपानने मान खाली घातली. हसीनाबींनी मात्र पदर सावरला आणि आईच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "काढा ताई, माझाच काढा. औंदा दात माझाही पडलाय." आणि तोंड उघडून त्या हसल्या.

आईने कॅमेरा डोळ्याला लावला. समोरच्या हसीनाबी हलत होत्या. मग लक्षात आलं, हलतोय तो आपलाच हात. तिने कॅमेरा खाली घेतला. एवढ्यात चारू तिला खेटून उभी राहिली आणि म्हणाली,

"थरथरू दे, आई. श्वास सोड, संपला की दाब. आणि मागचं झाकण ना, ते आजोबांनाच उघडू दे."