सुताराचं रोगण आणि आजीची भिंत

एका गावात एक सुतार होता. चांगला सुतार होता, आणि हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. त्याच्या विधवा बहिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, तेव्हा त्यानं आपल्या अंगणाच्या कडेला तिला एक घर बांधून द्यायचं ठरवलं. जागा केवढी, तर दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद.

"एवढ्याशा जागेत घर? की कोंबड्यांचं खुराडं?" लोक हसले.

"माणसाला पुरलं म्हणजे झालं," म्हणत सुतार कामाला लागला. एकही खिळा न मारता, नुसत्या खाचा पाडून त्यानं सांगाडा उभा केला. बाज दिवसा भिंतीला उभी लावता येत होती, बाकाच्या पोटात धान्य मावत होतं, माळ्यावर जायच्या प्रत्येक पायरीत एक खण होता. मग हसणारेच येऊन खण उघडून बघू लागले.

भिंती मात्र सुताराचं काम नव्हतं. त्यासाठी डोंगरावरच्या वारली पाड्यातून एक आजी आली. तिनं कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, त्यावर शेणमाती लिंपली आणि वरून गेरू दिला. मग तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि बहिणीला विचारलं, "काय काढू गं?"

सुतार मध्येच म्हणाला, "मोर काढा. मोठा, पिसारा फुलवलेला."

"घर तुझं हाय का हिचं?" आजी म्हणाली.

बहीण लाजून म्हणाली, "माझ्या तीन कोंबड्या सासरी राहिल्या."

आजीनं तीन कोंबड्या काढल्या, त्यांच्यामागे पिल्लं, वर भाताचं शेत, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं. ती भिंत बघून बहीण कितीतरी दिवसांनी हसली.

निघताना आजीनं बजावलं, "पुढच्या साली पुसट होईल. मग पुन्हा सारवायचं, पुन्हा काढायचं. दुसरं काय लावू नका."

सुताराला हे पटलं नाही. पुसट होणारं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. बहीण बाजारात गेली असताना त्यानं लाखेचं रोगण काढलं, जे तो पाटाला आणि पेटीला लावायचा, आणि सगळ्या भिंतीवर आतून-बाहेरून दोन हात दिले. भिंत झळकू लागली. कोणी विचारलं तर तो म्हणे, "आजीच्या हाताची जादू."

पाटलांनी ते घर पाहिलं आणि जत्रेच्या पाहुण्यांसाठी अशीच पाच घरं बांधायचं ठरवलं. लाकूडकाम सुताराचं, भिंती आजीच्या. त्या कामावर आजीच्या घरात वर्षाचं धान्य येणार होतं.

पण श्रावणात भिंतीला फुगवटा आला. मातीतली ओल कुडातून वर चढत होती आणि रोगणामुळे तिला बाहेर पडायला वाट नव्हती. एक दिवस बहीण तांदूळ निवडत असताना कोंबड्या, शेत आणि नाच सगळं एकदम खाली आलं. ती थोडक्यात वाचली, चूल मात्र फुटली.

गाव जमला. पाटलांनी आजीला बोलावणं धाडलं आणि सुताराला विचारलं, "तू जाणकार माणूस. तुझं काय मत?"

भिंत रोगणानं पडली, हे सुताराला कळलं होतं. खरं सांगावं तर गावभर हसं होणार. तो म्हणाला, "माती... जरा कच्ची राहिली असेल."

थोड्या वेळानं आजी डोंगर उतरून आली. तिनं मातीची एक ढलपी उचलली. पुढून चकचकीत, मागून चिखल. तिनं ढलपीवर अंगठा फिरवला आणि सुताराकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "चाळीस घरं सारवली. असं कधी नाय झालं."

"वय झालं आजी तुमचं," पाटील म्हणाले. "जत्रेच्या घरांना आम्ही दुसरं कोणी बघतो." आजी ढलपी खाली ठेवून डोंगराकडे चालू लागली.

बहीण तिच्या मागे धावली नाही. उलट म्हणाली, "दादा, नव्या भिंतीला त्या बाईला हात लावू देऊ नकोस." सुताराला लाज वाटली. नुसतं आजीचं कामच नाही, ज्या बाईनं बहिणीला हसवलं तिच्याबद्दलचं बहिणीचं मनही त्यानंच नासवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोगणाचं मडकं घेऊन चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माती पक्की होती. मी हे लावलं. आजीनं नको म्हटलं होतं, तरी लावलं. आणि काल मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं. पाटील म्हणाले, "मग भिंती आजीच्याच. लाकूडकाम मात्र शेजारच्या गावच्या सुताराला देतो. काल विचारलं तेव्हा सांगायला हवं होतंस."

तो बहिणीला घेऊन पाड्यावर गेला. बहीण आजीच्या पाया पडली. सुतारानं विचारलं, "आजी, ढलपी बघताच तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

आजी अंगणात माती तुडवत होती. ती न थांबता म्हणाली, "माझं कोण ऐकणार होतं, बाबा? गाव तुझं ऐकतो. म्हणून तू कधी बोलतोस, त्याची वाट बघत होते."

सुतार धोतर खोचून तिच्याशेजारी चिखलात उतरला.

या गोष्टीचं तात्पर्य: ज्याच्या शब्दाला चार माणसांत वजन असतं, त्याच्या खरं दडवण्यालाही तेवढंच वजन असतं, आणि ते नेहमी दुसऱ्याच्याच डोक्यावर पडतं.